गाडी तिसऱ्यातच राहते

१२ फेब्रुवारी, बुधवार

गाडी दुरुस्त होऊन आली आणि पुन्हा बिघडली. मधे अकरा किलोमीटर.

दहाला गॅरेजमधून बाहेर पडले, साडेदहाला गिअरचा दिवा लुकलुकायला लागला, आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जी जाऊन बसली ती हलायला तयार नाही. हिचे गिअर आपोआप बदलतात. म्हणजे, बदलायचे. कधी कुठला गिअर टाकायचा हे ठरवणारी एक पेटी असते, जाडजूड पुस्तकाएवढी, डॅशबोर्डच्या मागे. तिच्यातले तारा जोडणारे डाख तडकले होते म्हणून ती कुठल्याशा लांबच्या दुकानात दुरुस्तीला गेली, तीन आठवडे राहिली आणि नवे डाख लावून घेऊन परत आली. मिस्त्री म्हणाला, "आता बघायला नको, मॅडम." मी बघितलं. अकरा किलोमीटर.

फोन केला तर म्हणतो, "होऊन जाईल." या माणसाला दुसरं वाक्यच येत नाही. आजपासून या वहीत त्याचं नाव होऊनजाईल.

चौतीस वर्षं मी वजनमापं तपासण्याची नोकरी केली. ज्याचा तराजू खोटा असायचा तो प्रत्येक दुकानदार आधी असाच गोड हसायचा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

टॅक्सीने ताईकडे, तिच्या शुश्रूषागृहात गेले. पुन्हा.

ताई खिडकीपाशी खुर्चीत. मी समोर. दीड तास मी बोलले, तिने ऐकलं. निदान मान तरी माझ्याकडे होती. मेट्रन दारातून डोकावून म्हणाली, "काय, गप्पा चालल्यात का दोघी बहिणींच्या?" मनात आलं ते बोलले नाही. हल्ली एवढा संयम मला जमतो.

लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात तरी नीट राहील. ताईला पक्षाघाताचा झटका आला त्याला दोन वर्षं झाली. त्या खोलीत तिने आजवर एक शब्द उच्चारलेला नाही. वाचा शिकवणाऱ्या बाई आल्या, चित्रं दाखवून गेल्या — कप, मांजर, घड्याळ. ताई त्यांच्याकडे अशी बघायची की मला त्या बाईंची दया यायची. मग एकदा तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होते, माझ्या गाडीतून, पुढच्या सीटवर. वळण चुकले. आणि शेजारून आवाज आला, "डावीकडे होतं."

तेव्हापासून गाडीत बोलते. फक्त गाडीत, फक्त गाडी चालू असताना, फक्त मी चालवत असले तर. टॅक्सीत नाही. याच गाडीवर ड्रायव्हर ठेवून दोघी मागे बसून पाहिलं, तरी नाही. का, ते कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूचं असं असतं. मी म्हटलं, हे तर मलाही सांगता आलं असतं, आणि मला पाटी लावायला लागली नसती.

आठवड्यातून दोनदा, चाळीस-चाळीस मिनिटं. एवढीच ताई शिल्लक आहे. आणि ती या गाडीत आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गॅरेज. ऑइल बदललं. पेटीची जोडणी सोडवून, पुसून पुन्हा लावली. होऊनजाईल म्हणतो पेटी दुरुस्त होताना कोरी झाली. एकोणीस वर्षांत तिने जे काही शिकून ठेवलं होतं ते पुसलं गेलं. आता तिला चालवणाऱ्याची पद्धत नव्याने शिकायला लागणार. "शंभर-दीडशे किलोमीटर शांतपणे चालवा. एकसारखा वेग. घाई नको."

"म्हणजे या वयात हिला मी पुन्हा पहिलीत घालू?"

"होऊन जाईल, मॅडम."

माझ्या शाळेत एक नन होत्या, शिवण शिकवायच्या. टाका वाकडा पडला की सगळं उसवायला लावायच्या, न बोलता. त्यांच्यापुढे या माणसाला एक दिवस बसवायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

गेली! तीस किलोमीटर, टेकडी चढून उतरून, एकही धक्का नाही. ताईला खाली आणलं, पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. फाटकाबाहेर पडून वेग धरला तोच —

"तीन आठवडे कुठे होतीस?"

"अगं येत होते की. टॅक्सीने. समोर बसत होते तुझ्या."

"ते खोलीतलं," ती म्हणाली. "ते वेगळं."

मग तलावापर्यंत सुटलीच. सकाळची नर्स तिच्याशी ओरडून बोलते — "बहिरी ती आहे, मी नाही." शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्याला जावई भेटायला येतो आणि म्हाताऱ्याचाच पेपर वाचून जातो. कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान बंद झालंय हे तिच्याच लक्षात आलं, माझ्या नाही. हसले मी. किती दिवसांनी.

परतताना, तिला सोडल्यावर, टेकडीच्या अलीकडे दिवा लुकलुकला. तिसरा गिअर. मागचा गाडीवाला सारखा हॉर्न मारत होता. पुढे निघताना काच खाली करून काहीतरी ओरडला. लोकांना आईबापांनी काही शिकवलेलंच नसतं.

तरी आजचा दिवस मिळाला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शिकवणी चालू. अठ्ठेचाळीस किलोमीटर. दिवा दोनदा. विद्यार्थिनी मठ्ठ आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

होऊनजाईल आज स्वतः शेजारी बसला. मांडीवर तो स्कॅनर, त्याची वायर स्टिअरिंगखाली जोडलेली. गाडीच्या पोटातलं सगळं त्यात दिसतं म्हणे. मी चालवतेय, तो आकडे बघतोय. वीस मिनिटं सगळं ठीक. मग त्याच्या कपाळाला आठी.

"मॅडम, आत्ता ब्रेक दाबताय का?"

"मी साठच्या वेगाने चाललेय. ब्रेक दाबून कोण साठने जातं?"

"नाही, सहज विचारलं. इथे ब्रेक चालू दाखवतोय."

"मग तुमच्या यंत्राला चष्मा लावा."

त्याने पुन्हा आकड्यांत डोकं घातलं. दोन मिनिटांनी दिवा लुकलुकला.

गॅरेजमध्ये आल्यावर त्याने समजावलं, आणि नीट समजावलं हे मान्य करते. ब्रेकच्या पेडलवर एक छोटा स्विच असतो. पाय पडला की तो पेटीला कळवतो, बाई थांबताहेत. मग पेटी गाडी मोकळी सोडते. पण त्याच वेळी दुसऱ्या पायाने वेग चालूच असेल, तर पेटीला कळेनासं होतं की हिला जायचंय की थांबायचंय. ऑइल तापतं. थोडा वेळ वाट बघून ती हात वर करते आणि तिसऱ्यात जाऊन बसते, की निदान घरी तरी पोहोचा. म्हणजे स्विच खोटं बोलतोय. स्विच बदलला.

खोटं बोलणारं माप. हे मला कळतं. असली हजार पाहिलीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नव्या स्विचने पंचवीस मिनिटं. मग तेच.

ताई आज फार बोलली नाही. "तुझा चेहरा बघ," एवढंच. समोरच्या आरशात बघायची सोय होती, बघितलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

भाच्याचा फोन. ताईचा मुलगा, लांब असतो, दर रविवारी फोन करतो, कर्तव्य म्हणून नाही, मायेने, हेही लिहायला हवं.

"मावशी, ती गाडी विकून टाक ना गं. टॅक्सी कर. मी बघतो त्याचं."

"टॅक्सीत तुझी आई बोलत नाही."

"मावशी, माझ्याशी ती कधीच बोलली नाहीये. मी आलो होतो तेव्हा मीच तिला फिरवली, तुझ्याच गाडीतून. एक शब्द नाही."

"मग?"

"मग काही नाही. तुला बोलल्यासारखं वाटत असेल, तर वाटू दे. पण तुझं वय —"

फोन ठेवला. माझं वय एकाहत्तर आहे आणि कान शाबूत आहेत. बोलल्यासारखं वाटतं म्हणे. नर्स बहिरी आहे हे मला आपोआप वाटलं?

पण फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिले. तिचं बोलणं ऐकलेलं दुसरं माणूस या जगात नाही. गाडी बंद पडली की पुरावाही बंद.

२७ फेब्रुवारी, गुरुवार



ताईला घेऊन तलावाऐवजी टेकडीच्या रस्त्याने गेले. तिनेच सांगितलं, वरून दिसतं ते बघायचंय. चढ अर्धा झाला आणि दिवा लुकलुकला. तिसऱ्या गिअरमध्ये तो चढ म्हणजे कपाट जिन्यावरून ढकलत नेणं. इंजिन नुसतं गुरगुरतंय, वेग वीस, पंधरा, दहा. मागे ट्रक. हॉर्न. बाजूला घ्यायला जागा नाही, एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाहीच. गाडी थांबली. मी ब्रेक दाबला, हातब्रेक ओढला. मागे ट्रक इतका जवळ की आरशात फक्त त्याचं नाक.

इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की पेटी थोडा वेळ शहाण्यासारखी वागते, हे आता माहीत झालंय. तसं केलं. मधली ती दहा-बारा सेकंदं!

ताईने तिचा चांगला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "सावकाश," म्हणाली. "मला कुठे जायची घाई आहे?"

वर पोहोचलो. गाडी थांबली की ती गप्प, त्यामुळे वरून दिसतं ते दोघींनी मुकाट्याने बघितलं.

१ मार्च, शनिवार

गॅरेजमध्ये तोंडाचा पट्टा सोडला. त्याच्याही, त्याच्या मालकाच्याही, लांबच्या त्या पेटी दुरुस्त करणाऱ्याच्याही नावाने. गिऱ्हाईकं बघत होती. बघू देत. चढावरचं सगळं सांगितलं. होऊनजाईल हात पुसत उभा राहिला, पुसून झालेले हात पुन्हा पुसत.

दुसरा स्विच लावला. आणि चाकं काढली तर ब्रेकचे पॅड पार झिजलेले. चार महिन्यांपूर्वी नवे घातले होते.

"हे कसे झिजले?" मी विचारलं.

त्याने पॅड हातात फिरवून बघितला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा पॅडकडे. काहीतरी ओठांवर आलेलं मी स्पष्ट पाहिलं.

"हलका माल असेल, मॅडम. बदलून देतो."

मग अर्धा तास हलक्या मालावर माझं व्याख्यान.

२ मार्च, रविवार

ताईकडे टॅक्सी. चढानंतर तिला पुन्हा या गाडीत बसवायची माझी छाती नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्या पायावरच्या शालीकडे.

४ मार्च, मंगळवार

दुसऱ्या स्विचनेही तेच. आज रडू आलं. गाडीतच, सिग्नलला. मागचे हॉर्न मारताहेत, मारू देत.

घरी येऊन स्वतःलाच विचारलं, बाई, चौतीस वर्षं काय करत होतीस? तराजू चुकतोय असं दिसलं तर आरडाओरडा करायचीस की तपासायचीस? तपासताना नियम एकच — एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वजन बदललं तर जागा तीच ठेवायची. जागा बदलली तर वजन तेच. हे मी नव्या निरीक्षकांना शिकवलंय, आणि इथे आम्ही ऑइल, स्विच, पॅड, एकदम सगळं बदलत सुटलोय.

जुन्या नोंदी काढल्या. माझ्या सगळ्या फेऱ्या एका कागदावर मांडल्या. वेळ, रस्ता, हवा, किती मिनिटांनी दिवा. मी चालवलं त्या चौदा फेऱ्या; अकरांत दिवा. मग होऊनजाईलने एकट्याने चालवून बघितलेल्या फेऱ्या, त्याने सांगितलेल्या. नऊ. दिवा एकदाही नाही.

म्हणजे तो खोटं सांगतोय. किंवा जेमतेम चार वळणं मारून परत येत असणार.

उद्या त्याच्यासमोर मोजणार. तीन फेऱ्या त्याच्या, तीन माझ्या. तोच रस्ता, तेच अंतर, तोच वेग.

५ मार्च, बुधवार

सकाळी सातला सुरुवात, रस्ता रिकामा. गावाभोवतीच्या वळणरस्त्याची पूर्ण फेरी, चोवीस किलोमीटर. एकाआड एक, तो, मग मी. त्याच्या फेरीला मी शेजारी वही घेऊन.

त्याच्या तीन फेऱ्या — स्वच्छ. गिअर असे बदलत होते की कळतही नव्हतं.

माझ्या पहिल्या दोन — दिवा. एकविसाव्या मिनिटाला, मग अठराव्या.

तिसरीच्या आधी तो म्हणाला, "मॅडम, जरा दोन मिनिटं बाहेर थांबता?" दार उघडून खाली वाकला, काहीतरी घासलं. विचारलं तर म्हणाला, पेडल पुसतोय. मी फेरी केली. तेराव्या मिनिटाला दिवा. गॅरेजमध्ये येऊन उतरले.

तो म्हणाला, "राग मानू नका. चपलेचा तळ बघता का? डाव्या."

निळा खडू. माझ्या डाव्या चपलेच्या तळाला, पुढच्या बाजूला, तीन बोटांएवढा निळा डाग. ब्रेकच्या पेडलवर, डाव्या कडेला, त्याने खडू घासला होता.

"तुमचा डावा पाय ब्रेकवर असतो," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, टायरकडे बघत. "हलकाच. सतत. तेव्हा स्कॅनर लावला होता ना, त्याच दिवशी मला वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही म्हणालात, ब्रेक दाबून कोण साठने जातं."

मी त्याला सांगितलं, हा खडू आधीपासून चपलेला असणार. डावा पाय मी खाली, बाजूच्या पट्टीवर ठेवते, एकोणीस वर्षं तिथेच ठेवते, शपथेवर सांगते. आज तर मुद्दाम लक्ष देऊन ठेवला होता. तो "हो मॅडम" म्हणाला.

त्याचं ते "हो मॅडम"! शिवी दिली असती तर बरं.

६ मार्च, गुरुवार

माझा स्वतःचा खडू. लाल. माझी स्वतःची चप्पल, घासून धुतलेली, वाळवलेली. साक्षीला कोणी नाही. पेडलवर मीच लावला.

पाय खाली ठेवला. बघून ठेवला. मग रस्त्यावर निघाले, आणि दर मिनिटाला मनात म्हणत होते, पाय खाली आहे, पाय खाली आहे. मला तो तिथे जाणवत होता. अगदी जाणवत होता.

दहा मिनिटांनी बाजूला थांबले, न हलता खाली वाकून बघितलं.

पाय ब्रेकवर होता. माझाच पाय. कुणीतरी दुसऱ्याने आणून ठेवल्यासारखा.

८ मार्च, शनिवार

डॉक्टर तरुण आहे, नम्र आहे, त्यामुळे भांडताही आलं नाही. कोचावर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले. म्हणाला, तळपायाला मी एक दोरा टोचणार, मऊ असतो, लागला की "हो" म्हणा.

मी वाट बघत राहिले. छताच्या पंख्याचा आवाज ऐकत. शेवटी म्हटलं, "अहो, सुरुवात करा ना."

"झालं," तो म्हणाला. "दहा ठिकाणी टोचून झालं."

रक्तातल्या साखरेमुळे, म्हणाला. नसा हळूहळू मरतात, दुखत नाही म्हणून कळत नाही. पाय कुठे आहे ते मेंदूला सांगायचं काम त्यांचं. त्या सांगत नाहीत, मग मेंदू आपल्याच मनाने धरून चालतो की पाय जागच्या जागी आहे.

"म्हणजे माप चुकतंय आणि काटा शून्यावर," मी म्हटलं. त्याला कळलं नाही. हसला.

९ मार्च, रविवार

गेले नाही. मेट्रनला फोन केला, सर्दी झालीय.

११ मार्च, मंगळवार

जुना कापडी पट्टा घेतला आणि डावा पाय घोट्यापाशी सीटखालच्या दांड्याला बांधून टाकला. घट्ट. दोन गाठी.

वळणरस्त्याची पूर्ण फेरी. मग दुसरी. मग टेकडीचा चढ, वरपर्यंत.

दिवा नाही. एकदाही नाही. गिअर पाण्यासारखे. चढावर दुसरा, माथ्यावर तिसरा, उतारावर चौथा, जिथल्या तिथे, जेव्हाचा तेव्हा. पेटी दुरुस्त होऊन आली त्या दिवसापासून बरोबर होती. ती बिचारी महिनाभर सांगत होती की बाईंचा पाय ब्रेकवर आहे, आणि आम्ही तिचेच टाके उसवत बसलो होतो.

टेकडीवर गाडी उभी केली. काय सुखाने चालली. परवा गुरुवार. पाय बांधून ताईला आणता येईल, असा विचार आला. पूर्ण आला, शालीने झाकला तर मेट्रनला पट्टा दिसणारही नाही, इथपर्यंत आला.

मग उजवा पाय. डॉक्टरने काल फोनवर रिपोर्ट सांगितला तो मी लिहायचा टाळला होता. उजवा थोडा मागे आहे, एवढंच. दहापैकी चार ठिकाणी कळत नाही. आणि तो पाय मला कुठे बांधता येणार, वेग त्याच्याच हातात आहे.

चढावर मागे ट्रक होता. मी ब्रेक दाबला तो मला आठवतोय. दाबल्याचं जाणवलं होतं का, ते आठवत नाही.

पट्टा सोडायला वीस मिनिटं लागली. मीच मारलेल्या गाठी.

१२ मार्च, बुधवार

किल्ली होऊनजाईलला नेऊन दिली. गिऱ्हाईक बघा म्हटलं, पण डाव्या-उजव्या दोन्ही पायांनी धड असलेलं. त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले त्याची माफी मागितली. मला ते येत नाही, त्यामुळे वाईटच झाली, तो गोंधळून म्हणाला, "कशाची मॅडम?" आणि खुर्ची पुसून दिली. चहा मागवला. प्यायले.

टॅक्सीची वाट बघत बसले तेव्हा शेडमध्ये गाडी उभी होती, पुढची सीट ताईसाठी मागे सरकवलेली तशीच.

१३ मार्च, गुरुवार

टॅक्सी. खोली. खुर्ची ओढून ताईच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. खडू, दोरा, पाय. गाडी आता नाही, म्हटलं. तिने खिडकीबाहेर बघितलं. मग माझ्याकडे वळली आणि बोलली. खोलीत.

"मला शेजारून दिसायचा की तुझा पाय. पहिल्यापासून. सांगितलं असतं, तर नेलं असतंस मला?"